शेमा म्हणणाऱ्या घरात नवा करार वाचताना

माझगावची :

शालोम, नमस्कार.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. माझगावात वाढले, अजून तिथेच राहते. आडनाव ‘कर’ने संपतं, त्यामुळे ऑफिसात निम्म्या लोकांना मी सीकेपी वाटते. ज्यू म्हटलं की ‘म्हणजे जैन का?’ हे ठरलेलं. असो.

विषय असा की बराच काळ मी नवा करार वाचते आहे. रस्त्यात कुणी पत्रक दिलं, स्वप्नात कुणी आलं, असलं काही झालेलं नाही. आमच्या घरातल्या मराठी बायबलात तो होताच. आजोबांना तोरा मराठीतून वाचायची होती म्हणून त्यांनी बायबल सोसायटीची प्रत घेतली आणि जुन्या कराराच्या शेवटच्या, मलाखीच्या पुस्तकापुढची सगळी पानं रबरबँड लावून बंद करून टाकली. ते रबर कधीच कुजून तुटलं, पण घरात कुणी पुढे वाचलं नाही. मी वाचलं.

आणि ते परकं वाटलंच नाही, ही खरी पंचाईत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या दिवशी येशूची सुंता. चौथ्यात तो शब्बाथला सभास्थानात उभा राहून यशया वाचतो. योहानाच्या दहाव्यात हनुक्काचे दिवस आहेत आणि तो मंदिरात फिरतोय. मार्कच्या बाराव्यात एक शास्त्री विचारतो, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती? तर हा सरळ शेमा म्हणतो, ‘इस्राएला ऐक, परमेश्वर एकच’ ही आमची प्रार्थना. रात्री अंथरुणावर आई आमच्याकडून म्हणून घ्यायची तोच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात येशूचं नावच निघत नाही, आणि शाळेतल्या सिस्टरांनीही हा भाग कधी काढला नाही.

पुढे योहान आणि पौल नीट वाचायला घेतले आणि तिथे पाय अडकला. माणूस म्हणून, शिक्षक म्हणून, अगदी संदेष्टा म्हणून तो मला कळतो. त्याच्यापुढे गुडघे टेकायचे म्हटलं की आतून कुणीतरी मागे ओढतं.

सध्या कधीमधी रविवारी भायखळ्याच्या एका मराठी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. शुक्रवारी संध्याकाळी आईबरोबर दिवे लावते. दोन्हीकडे मन लागतं.

ज्यू घरातून या वाटेने कुणी गेलंय का, किंवा कुणाला जाताना जवळून पाहिलंय का? बाप्तिस्मा घेतला तर नेमकं काय बदलतं? समाजात, कायद्यात, उद्या आम्हाला माती देताना? भाऊ इस्रायलला आहे, आम्ही दोघी कधी तिकडे जाऊ म्हटलं तर? आणि एक विनंती, ‘सगळे धर्म शेवटी एकच’ असं लिहू नका. एक असते तर मी इथे लिहीत बसले नसते.

तर्कट :

पहिला प्रतिसाद माझाच दिसतोय. एक सोडून दुसरं धरण्यापेक्षा दोन्ही सोडा आणि मोकळ्या व्हा. मी सोडलं, काही बिघडलं नाही.

माझगावची :

@तर्कट, सोडायला सल्ला लागत नाही हो. धरायचं कसं ते विचारतेय.

तिसरी_पिढी :

ताई, मी ज्यू नाही, पण घराण्यात धर्मांतर झालेलं आहे, म्हणून लिहितो. पणजोबा नगर जिल्ह्यातल्या गावात मिशनच्या शाळेमुळे ख्रिस्ती झाले. त्यांच्या भावाने दार बंद केलं ते आजतागायत. ते वाईट झालं की चांगलं, यावर आमच्याकडे अजून दोन मतं आहेत. पण पणजोबांना येशू मिळाला हे ते शेवटपर्यंत सांगत, आणि त्यात खोट नव्हती.

ना. वा. टिळकांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या पुढे काही वर्षांनी आल्या, आपल्या पायांनी आल्या. आमच्या आजीला टिळकांपेक्षा त्याच जास्त जवळच्या वाटायच्या. कारण पाण्यात उतरणारा एक असतो आणि काठावर राहिलेल्यांचे हाल कुणी विचारत नाही. तुमच्या बाबतीत काठावर आई आहे.

आणखी एक, जरा कडू आहे. आमच्या मंडळीत ज्यू माणूस आला की सगळ्यांच्या अंगात येतं. ‘देवाची निवडलेली प्रजा’ मागच्या बाकावर बसलीय म्हटल्यावर पुढच्या महिन्यात साक्ष द्यायला उभं करतील. वल्हांडणाच्या (ज्यूंच्या पेसाहच्या) आठवड्यात ‘ताई, जरा तो शोफार, मेंढ्याचं शिंग, फुंकून दाखवा’ म्हणतील (शोफारचा वल्हांडणाशी काय संबंध, हे विचारायचं नाही). लोक मनाने चांगले आहेत, पण तुम्हाला वस्तुसंग्रहालयात ठेवतील. पाळकांना आधीच सांगा की मी कुणाच्या भविष्यवाणीचा पुरावा म्हणून आलेली नाही.

माझगावची :

साक्षीचं आत्ताच विचारून झालंय! मी म्हटलं, कसली साक्ष, मी अजून ग्राहकच नाही.

जुनी_मशीद :

मुली, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून ‘तू’ म्हणतो. मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटवरच्या शाअर हारहमीममध्ये लहानाचा मोठा झालो. 1796 साली स्थापन झालेलं. बाहेरचे सिनेगॉग म्हणतात, आम्ही जुनी मशीद म्हणतो.

आधी एक गोष्ट सांगतो, ती बहुतेक तुझ्या आजोबांना ठाऊक असावी. आपण कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी, पोथ्या समुद्रात गेलेल्या, उरलं काय, तर शनिवार, सुंता, खवल्यांचा मासा आणि शेमा. हिब्रू वाचता येणारा शोधावा लागे. मग मुंबईत 1813 साली अमेरिकन मिशनरी आले, 1829 साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. त्यांच्या शाळांत आपली मुलं गेली, आपली माणसं मास्तर म्हणून लागली. विल्सनसाहेबांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, ते मुद्दाम आपल्यासाठी. हेतू लपवलेला नव्हता. जुना करार नीट कळला की हे लोक आपोआप नव्या कराराकडे येतील, असा त्यांचा हिशेब होता.

झालं उलटंच. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतली, मराठी बायबल घेतलं आणि जास्त पक्के ज्यू झाले. बाटलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या, हाइम सॅम्युअल केहिमकरांनी 1875 साली आपली शाळा काढली, आणि सामाजींचे सॅम्युअल, अबाजींचे अब्राहम झाले. तेव्हा मिशनरींवर माझा राग नाही. त्यांनी दिलेल्या दिव्याने आम्ही आमचंच घर पाहिलं.

तुझ्या आजोबांच्या रबरबँडबद्दल एक. मलाखीशी शास्त्र संपतं ही ख्रिस्ती लोकांची मांडणी. आपल्या तनाखात, म्हणजे ज्यू शास्त्रात, शेवटी दिवरे हय्यामीम, म्हणजे इतिहासाची पुस्तकं येतात, आणि शेवटचं वाक्य इराणच्या कोरेश राजाचं आहे, की ज्याला यरुशलेमला वर जायचंय त्याने जावं. त्यांच्या मांडणीत जुना करार कुणाची तरी वाट बघत संपतो. आपल्यात तो घरी जायला सांगून संपतो. तीच पुस्तकं, रचना बदलली की कथेचं तोंड फिरतं.

आता मुद्दा. तुला मागे ओढणारा ‘कुणीतरी’ शेमाच आहे. मुसा बिन मैमून (मैमोनिडीस) या आपल्या थोर पंडिताच्या तेरा तत्त्वांत दुसरं तत्त्व, देव एक. तिसरं, त्याला देह नाही. यावर तडजोड नाही. दुसऱ्या लोकांनी देवाबरोबर आणखी कुणाचं नाव जोडलं तर त्यांना मूर्तिपूजेचा दोष लागत नाही, असं मानणारे मोठमोठे रब्बी होऊन गेले. माझ्या शेजारची मेरी मला मूर्तिपूजक वाटत नाही. पण जिथे मोशेला आज्ञा मिळाल्या त्या सीनाय डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या लोकांबरोबर, तू उभी होतीस. तुला तो दोष लागतो.

मेलेला उठला, यावर आपलं भांडण नाही. अमिदा या रोजच्या प्रार्थनेत आपण मेलेल्यांना उठवणाऱ्याची स्तुती करतो. भांडण हे आहे की मशीहा आला म्हणता, तर यशयाच्या दुसऱ्या अध्यायातल्या तलवारींचे फाळ झाले का? पेपर उघडून बघ.

नंदाखालकर :

काकांचं लिखाण वाचून आनंद झाला. मी वसईचा, कॅथलिक, नोकरीसाठी अंधेरीत. माझगावच्या ताईंना दोनतीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

हनुक्काची जी कथा, मक्काबी आणि मंदिराच्या शुद्धीकरणाची, ती ज्यूंच्या शास्त्रात नाही आणि प्रॉटेस्टंट बायबलातही नाही. ती आमच्या कॅथलिक बायबलात आहे, मक्काबींची दोन पुस्तकं. म्हणजे तुमच्या सणाची पोथी आमच्या देव्हाऱ्यात! फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या सुबोध बायबलात सोप्या मराठीत वाचायला मिळेल. 1 जानेवारीला आमच्याकडे पूर्वी येशूच्या सुंतेचा सण असे. नाताळपासून मोजा, आठवा दिवस. आता पंचांगात त्याचं नाव बदललंय आणि लोकांना फक्त थर्टीफर्स्ट माहीत.

दुसरं, तुम्हाला आमच्या इतिहासाची भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत ज्यूंसाठीच्या प्रार्थनेत त्यांना कमीपणा आणणारा शब्द होता, तो 1959 साली पोप तेविसाव्या जॉननी काढला. ऑक्टोबर 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही. एवढं साधं म्हणायला एकोणीसशे वर्षं लागली, हे मीही मान्य करतो.

त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आम्हीही देव एकच म्हणतो, तीन नाही. पण ते कसं, हे मी इथे चार ओळींत सांगायला गेलो तर काका मला सॅम्युअल स्ट्रीटवर बोलावून घेतील. एवढंच सांगतो की ही चर्चा पहिल्या ख्रिस्ती ज्यूंच्या मनातही होती. नायसिया परिषदेत, 325 साली, ती शब्दांत बसवली गेली. त्याच परिषदेत ईस्टरची तारीख ज्यूंच्या गणनेपासून तोडायचं ठरलं. ते मला मात्र दुर्दैवी वाटतं.

आणि घाई करू नका. आमच्याकडे प्रौढांचा स्नानसंस्कार बहुतेक पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्री होतो, त्याआधी बरेच महिने शिकवणी असते. मधेच थांबलात तर कुणी ओढून नेत नाही.

जुनी_मशीद :

@नंदाखालकर, या की सॅम्युअल स्ट्रीटवर, मशीद बंदर स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. इतिहास काढलाच आहात तर मुंबईचाच काढतो. गार्सिया द ओर्ता. आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये जबरीने ख्रिस्ती केलेले. हा मोठा वैद्य, 1563 साली गोव्यात औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. पोर्तुगिजांनी मुंबई बेट त्याला खंडाने दिलं होतं. आज जिथे नौदलाचं आयएनएस आंग्रे आहे तिथे त्याचा वाडा होता. 1568 साली ख्रिस्ती म्हणून मेला, ख्रिस्ती म्हणून पुरला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं, गुन्हा काय, तर घरात गुपचूप ज्यू धर्म पाळते. आणि 1580 साली त्याची हाडं उकरून जाळली.

तेव्हा ज्यू घरातून ख्रिस्ती झालेला या शहरातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस हा. त्याच्यावर जबरदस्ती होती, तुझ्यावर नाही, हा फरक मला कळतो. पण आपल्या लोकांच्या मनात बाप्तिस्म्याच्या पाण्याला राखेचा वास येतो, तो असा.

नंदाखालकर :

यावर उत्तर नाही काका. त्याच इन्क्विझिशनच्या कचाट्यात आमच्या वसईतलेही सापडले, पण ते उत्तर होत नाही.

कुर्ला_पूर्व :

मी पण बेने इस्राएल, वय 29. स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ दे. एकेकाळी देशात आपण वीस हजारांच्या घरात होतो. 1948 नंतर बोटी आणि विमानं भरून गेले. आता काही हजार उरलोत. शनिवारी सकाळी मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला मी आठवडाभर फोन करतो. एक जण डोंबिवलीहून येतो, एकाला गुडघ्याचं दुखणं, एक जण दहावा लागला तरच या म्हणून सांगून ठेवतो. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाला, तेवढे सगळे उगवतात. अशा वेळी तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने ‘मला येशू आवडतो’ म्हणावं? तुम्हाला हवं ते वाचा, पण एक माणूस कमी झाला की आमचं काय होतं ते तुम्हाला दिसत नाही.

माझगावची :

@कुर्ला_पूर्व, दादा, राग नाही. पण तुमच्या दहांत मी धरलीच जात नाही. चाळीस वर्षं वरच्या गॅलरीत बसतेय. मी गेले तरी तुमचे दहा तेवढेच राहतील. मला मोजत नाही आणि मी कमी झाले तर दोष माझा, हे कसं?

कुर्ला_पूर्व :

मोजणं म्हणजे फक्त मिन्यान नाही. तुमची मुलं असती ती.

माझगावची :

नाहीत. पुढे बोला.

जुनी_मशीद :

पोरा, थांब आता. तिचा मुद्दा खरा आहे. आणि गॅलरीतल्या बायकांनीच हा समाज राखला. दिवे, खिरीचा सण, अनशी दाखाच्या सणाला (पेसाहला) भांडी वेगळी काढणं, बिरड्याच्या सणाला वाल मोड आणून ठेवणं, हे सगळं काय प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानने केलं?

बेरशेवाची_मावशी :

इथे इस्रायलमध्ये रात्र झालीय, झोप येत नव्हती म्हणून हा धागा वाचला. मी लालबागची, लग्न होऊन इकडे आले त्याला जमाना झाला.

तुमच्या भावाबद्दल आणि इकडे येण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. 1950 च्या परतीच्या कायद्याने ज्यूला इकडे नागरिकत्व मिळतं. 1962 साली ब्रदर डॅनियल यांचा खटला झाला. पोलंडचे ज्यू, मूळ नाव ओस्वाल्ड रुफायझेन, युद्धात मीर गावी नाझींनी कोंडलेल्या ज्यू वस्तीतल्या (घेट्टोतल्या) माणसांना पळून जायला मदत केलेले, पुढे कार्मेलाइट साधू झाले. ते म्हणाले मी धर्माने ख्रिस्ती, पण जातीने ज्यू, मला याच कायद्याने घ्या. सुप्रीम कोर्ट नाही म्हणालं. गंमत बघा, जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला ज्यूच राहतो, आणि कोर्ट म्हणालं की हा कायदा सामान्य माणसाच्या समजुतीवर चालतो. 1970 मध्ये कायद्यातच घातलं की ज्यू म्हणजे ज्यू आईचा किंवा ज्यू धर्मात आलेला, आणि दुसऱ्या धर्माचा न झालेला. 1989 मध्ये येशूला मशीहा मानणाऱ्या, स्वतःला ज्यूच म्हणवणाऱ्या एका जोडप्यालाही कोर्टाने नाकारलं. म्हणजे बाप्तिस्मा घेतलात तर तुमचं हे दार बंद. आईचं उघडं राहील. भावाकडे पाहुणी म्हणून कधीही या.

आता मनातलं. 1962 नंतर इथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांत पिढ्या तपासायला सुरुवात केली, की हे खरे ज्यू आहेत का म्हणून. 1964 साली आमची माणसं बायकामुलांसकट यरुशलेमला धरणं धरून बसली. मोर्चे निघाले, शेवटी क्नेसेतने, म्हणजे इथल्या संसदेने, सांगितलं की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. माझे सासरे त्यात होते. ते म्हणायचे, कोकणात तेल गाळताना कुणी विचारलं नाही तू कोण, आणि इथे येऊन कागद दाखवायला लागले. ज्या नावासाठी ते उन्हात बसले ते नाव तुमचं आहे, आयतं मिळालेलं. मी तुम्हाला नका करू म्हणत नाही. पण काय ठेवून जाताय ते हातात घेऊन बघा, मग ठेवा.

फोर्टमधला_वकील :

कायद्याचा भारतातला भाग थोडक्यात. वारसा हक्क: मृत्युपत्र नसेल तर ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदाच लागतो, त्यामुळे फारसा फरक नाही. धर्म बदलला म्हणून आईच्या मालमत्तेतला हक्क जात नाही. लग्न दोन धर्मांत करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा. महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. ख्रिस्ती आधीपासून अल्पसंख्याक आहेतच. दफनभूमी मात्र विश्वस्तांच्या नियमांवर चालते. वरळीच्या ज्यू दफनभूमीत बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला जागा मिळेल असं धरून चालू नका. आधी विचारून ठेवा, आयत्या वेळी हा वाद फार वाईट होतो.

तर्कट :

आता मलाही वाचत राहावंसं वाटतंय, त्रास आहे. एक प्रश्न: पहिले ख्रिस्ती ज्यूच होते ना? मग ते दोन्ही राहू शकले तर हिला का नाही?

माझगावची :

@तर्कट, हाच प्रश्न मलाही छळतो, म्हणून थोडं वाचलं. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय गमतीचा आहे. यरुशलेमात सभा भरते आणि वाद कशावर, तर ज्यू नसलेल्यांना आत घेताना त्यांची सुंता करायची का! ज्यूंनी ज्यू राहावं की नाही हा प्रश्नच कुणाला पडत नाही. पुढे दुसऱ्या शतकात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक म्हणतो की नियमशास्त्र पाळून कुणी ख्रिस्ताला मानत असेल आणि दुसऱ्यांवर लादत नसेल तर माझी हरकत नाही, पण इतरांची आहे. आणखी अडीचशे वर्षांनी जेरोम हा धर्मपंडित बिशप ऑगस्टिनला लिहितो की यांना दोन्ही व्हायचंय, म्हणून हे धड ज्यूही नाहीत आणि ख्रिस्तीही नाहीत. दार दोन्ही बाजूंनी बंद झालं. आमच्या बाजूने तर रोमविरुद्धचं बार कोखबाचं बंड 135 साली संपेपर्यंत फारकत जवळजवळ झालीच होती.

@तिसरी_पिढी, मसीही ज्यू म्हणवणाऱ्या गटांबद्दल तुम्ही विचारणार याआधीच सांगते. एका बैठकीला गेले होते. हिब्रू गाणी, तल्लिथ (प्रार्थनेची शाल), मेनोरा (सात दिव्यांची समई), सगळं अमेरिकेतून आलेलं. आमच्या कोकणातलं एक अक्षर नाही. आमचा नवसाचा मलिदा कुणाला माहीतही नव्हता. त्यापेक्षा भायखळ्याचं चर्च मला जवळचं, निदान तिथे ओव्या आणि अभंगांच्या चाली ओळखीच्या आहेत. आमच्यातही 1880 च्या सुमारास कीर्तनं सुरू झाली होती, अब्राहाम आणि योसेफाची आख्यानं. आजोबा गुणगुणायचे.

आणि मलिद्यावरून खरी गोष्ट सांगते, जी अजून कुणालाच सांगितलेली नाही. काकांना वाटतंय मी त्रैक्यापाशी अडले. तिथे अडलेच आहे, पण ते डोक्यातलं अडणं आहे. पोटातलं वेगळं आहे. आम्ही लग्न असो, बारसं असो, नवस फेडायचा असो, पोह्यांत नारळ, साखर, सुकामेवा घालून मलिद्याचं ताट मांडतो आणि एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलीया संदेष्ट्याला, हाक मारतो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्यांच्या रथाची खूण खडकावर आहे असं आम्ही मानतो. जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्यांना त्यांनीच उठवलं. जगातल्या दुसऱ्या ज्यूंपेक्षा आमचं त्यांच्याशी जास्त घरगुती आहे. आणि ते मशीहाच्या आधी येणार, मलाखीच्या शेवटाला तसं लिहिलंय.

मग मत्तयच्या अकराव्यात येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल म्हणतो की पटत असेल तर घ्या, येणारा एलीया तो हाच. हे वाचून मी पुस्तक मिटलं. ते येऊन गेले असतील तर माझी आई, आजी, खापरपणजी कुणाला हाका मारत होत्या? येशू देव की माणूस, यापेक्षा हा प्रश्न मला जड जातो. पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘ते प्रतीकात्मक आहे.’ आमच्या ताटात प्रतीक नसतं हो, पोहे असतात.

तिसरी_पिढी :

ताई, असा प्रश्न मी चर्चमध्ये आजवर ऐकलेला नाही. एक ओळ दाखवतो, मत्तय सतराव्या अध्यायात. डोंगरावर मोशे आणि एलीया दिसल्यानंतर शिष्य नेमकं हेच विचारतात. येशू आधी म्हणतो, एलीया येणार आहे आणि सगळं नीट करणार आहे. आणि लगेच पुढे म्हणतो, तो आलेलाही आहे. येणार आणि आला, दोन्ही एका दमात. आमचे टीकाकार यावर पानंच्या पानं भरतात. मला इतकंच दिसतं की तो ‘येणार’ पुसून टाकत नाही. तुमच्या आजींची हाक त्यात बसते की नाही, हे तुम्ही ठरवा.

जुनी_मशीद :

@तिसरी_पिढी, ओळ चांगली दाखवलीस. मी नवा करार वाचत नाही, पण ही वाचून पाहिली. मला पटली नाही. दोन्ही काळ एकदम वापरणारा वकील मला नेहमी संशयास्पद वाटतो. पण मुलीचा प्रश्न ख्रिस्ती लोकांपुरता नाही. आपल्या सुंतेच्या वेळी एलियाहूची खुर्ची ठेवतात, पेसाहला त्याचा प्याला भरतात, म्हणजे तो येतच असतो की. रब्बी लोक म्हणतात तो प्रत्येक सुंतेला हजर असतो. तरीही आपण ‘येणार’ म्हणतोच. तेव्हा येणं आणि येऊन जाणं यांचा हिशेब आपल्यातही सरळ नाही, हे तुझ्यामुळे लक्षात आलं.

माझगावची :

काका, हे मला हवं होतं. सगळ्यांचे आभार, मावशींचे विशेष.

सध्या ठरवलंय ते असं. बाप्तिस्मा आत्ता नाही. पुढे कधी, तेही आज सांगत नाही. पाळकांना साक्ष, शोफार, दोन्हीला नाही म्हणून सांगितलं. ते जरा हिरमुसले, मग म्हणाले बसत जा मागच्या बाकावर. रोमकरांस पत्राचे नऊ ते अकरा अध्याय आता सावकाश वाचणार, पौल तिथे आपल्याच लोकांबद्दल रडतो, म्हणून. आईला सांगितलं. ती आधी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘तुला वाचायचंय ते वाच, पण शुक्रवारी उशीर करू नकोस.’ तिला गेली काही वर्षं एलियाहूच्या उरुसाला खंडाळ्याला जायचंय, तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाला. गुडघ्यांमुळे राहिलं होतं. यंदा नेते म्हणाले. एस.टी.चा प्रवास तिला झेपणार नाही. कसं जावं?

कुर्ला_पूर्व :

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या, गाडी आत जाते. पुढे अलिबागवरून खंडाळा जवळच आहे. उरुसाच्या दिवशी गर्दी असते, आधी बुकिंग करा. आम्ही कुर्ल्याहून दोन गाड्या काढतोय, जागा असेल तर सांगतो.

जुनी_मशीद :

पोहे तिकडे कुणी ना कुणी आणतंच. नारळ आणि फळं मात्र मुंबईतून घेऊन निघा, उरुसाच्या दिवशी तिकडे भाव चढतात.